गाडी कोण चालवत होतं?

बाळ उकडलेल्या बटाट्याचा घास गालात धरून बसलं होतं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे विमा कंपनीचा फॉर्म भरत होते. अपघाताला दोन दिवस झाले होते. लस टोचून घरी येताना बाळ मागच्या सीटवर किंचाळलं, तिने क्षणभर मान वळवली आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. कोणाला खरचटलंही नाही. पण बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला. आणि बाळंतपणाच्या गडबडीत तिचं लायसन संपलं होतं, ते तेव्हा कुठे लक्षात आलं.

“अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं,” सासऱ्यांनी मोठ्याने वाचलं आणि पेन न थांबवता ड्रायव्हरकाकांचं नाव लिहिलं.

“बाबा, काका तर त्या दिवशी सुट्टीवर होते.”

“कंपनीला काय ठाऊक? मग ड्रायव्हर ठेवायचा कशाला?”

नवरा बुटाची नाडी बांधता बांधता हसला. “बाबांच्या वेळी काका, माझ्या वेळी काका. तू काय आकाशातून पडलीस?”

खरंच होतं ते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी शेजाऱ्यांचं फाटक पाडलं सासऱ्यांनी. शिकाऊ लायसनवर एकट्याने गाडी काढून दुसऱ्याच्या डिकीत घातली नवऱ्याने. कागदावर दोन्ही चुका काकांच्या. अशा घरांत याला कोणी पाप म्हणत नाही. पगारात माणसाचे हात मिळतात तसं त्याचं नावही मिळतं, ही समजूत वडिलांकडून मुलाकडे जाते आणि नव्याने आलेली सूनही ती मुकाट्याने शिकते. तीही शिकली. काका आले, सही करून गेले. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज पुढे तिला बाळाला थोपटताना, पाजताना, न्हाऊ घालताना टोचत राहिली.

चार दिवसांनी काका एक कागद घेऊन दारात उभे राहिले.

“मालक, शाळेच्या बसवर जागा निघालीय. पाचला सुटका होते. आमच्या हिचे डोळे अधू झालेत, दिवेलागणीला घरात कोणी लागतं. पाच वर्षांत अपघात नाही, असं मालकाकडून लिहून आणा म्हणालेत.”

सासऱ्यांनी चष्मा पुसला. “अरे, असं कसं लिहू? विमा कंपनीकडे तुझ्या नावावर तीन आहेत. उद्या कोणी तपासलं तर मी खोटा पडेन. लहान मुलांचा प्रश्न आहे.”

अगदी मनापासून बोलले ते.

“बरोबर आहे,” म्हणत काकांनी कागदाची घडी केली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी गॅरेजमधून मिस्त्रीचा फोन आला, कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला आलाय. बाळाला कडेवर घेऊन तीच गेली. सर्व्हेअरने दार उघडून आत डोकावलं.

“फॉर्मवर ड्रायव्हरचं नाव आहे. फारच बुटके दिसतात. सीट पार स्टिअरिंगला चिकटलीय.”

मिस्त्री खिदळला. काकांचं डोकं गाडीच्या छताला लागायचं.

“मी चालवत होते,” ती म्हणाली. “लायसन संपलेलं होतं.”

“बाई, मी ऐकलं नाही असं समजतो. क्लेम जाईल तुमचा.”

“लिहा.”

घरी सासूबाई म्हणाल्या, “हरिश्चंद्राची लेक आलीय आमच्या घरात, आम्हाला पत्ताच नव्हता.” बाळ झोपलं तेवढ्या वेळात तिने तिन्ही अपघात कोणाचे ते लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी काकांबरोबर शाळेत गेली.

शाळेच्या हेडक्लार्कने पत्र दोनदा वाचलं. “म्हणजे यांनी तीन वेळा खोट्या फॉर्मवर सही केली?”

या प्रश्नाचा तिने विचारच केला नव्हता. “त्यांनी वाचलं नसेल,” ती घाईने म्हणाली.

“वाचलं होतं, ताई,” काका म्हणाले. “तिन्ही वेळा वाचलं होतं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर कोण घेणार होतं?”

क्लार्कने पत्र परत तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, “तुमच्या एकटीच्या लिहिण्यावर मी हे साहेबांपुढे ठेवू शकत नाही. उद्या अकराला साहेब आहेत. ज्यांनी ज्यांनी गाडी चालवली, त्यांनी येऊन सांगावं. जागा उद्यापर्यंत धरतो.”

बाहेर आल्यावर तिला माफी मागायची होती. काका म्हणाले, “बाळाला ऊन लागतंय, ताई. घरी जा.”

रात्रीच्या जेवणाला तिने ताटं वाढली आणि स्वतःही बसली.

“उद्या अकराला शाळेत जायचंय. बाबा, तुम्ही, हे आणि मी. फाटकाचं तुम्ही सांगा, डिकीचं हे सांगतील.”

“डोकं फिरलंय हिचं,” नवरा वडिलांकडे बघून म्हणाला.

“शाळा काकांची जागा उद्यापर्यंतच धरतेय.”

सासरे तिच्याकडे न बघता म्हणाले, “पाणी दे.”

ती जागची हलली नाही.

“येताय का, ते आधी सांगा, बाबा.”