पडद्यावरचा हात

चष्मेवाल्याला सगळे चष्मेवाला म्हणत ते दुकान काढण्याच्याही आधीपासून. लहानपणी नाकावर आलेली जाड भिंगं त्यानं पुढे धंद्यालाच लावली, इतकंच. त्याचे वडील थिएटरात सिनेमे दाखवायचं काम करत. वरच्या यंत्रखोलीत ते आणि खाली पहिल्या रांगेत हा. सिनेमा संपला की वडील यंत्राच्या झोतात पंजा धरत. पडद्यावर भलामोठा काळा हात उमटे. त्याचा अर्थ फक्त बापलेकांना ठाऊक होता: जागचा हलू नकोस, मी खाली येतोय.

त्याचा सगळ्यात लाडका सिनेमा होता अंतराळयानाचा. पृथ्वी सोडून निघालेली माणसं, आणि त्यांना सांभाळणारा यानाचा मऊ आवाज. सिनेमातली मुलं त्या आवाजाला ताई म्हणत. ताई जेवायला बोलवी, निजवी, दारं उघडून देई आणि लावून घेई. शेवटी खिडक्यांवरची झाकणं सरकत, बाहेर हिरवंगार नवं जग दिसे, मुलं टाळ्या पिटत, आणि पडद्यावर हात येई. सुट्टीत मुलांसाठी सकाळचा खेळ असे, त्याला हा न चुकता हजर. घरात एकुलता एक. अशी ताई आपल्यालाही असावी, असं त्याला फार वाटे.

पुढे उतारवयात बाबा बाथरूममध्ये घसरून पडले, तेव्हा म्हणूनच त्यानं त्यांच्या घरी बोलणारं यंत्र बसवून घेतलं. दार, गॅस, दिवे, फोन, सगळं त्या यंत्राच्या ताब्यात. बसवायला आलेला माणूस एकेक विचारत गेला. यांना एकट्याला बाहेर जाऊ द्यायचं? अजिबात नको. फोन आधी यंत्रानं घ्यायचा? घेऊ दे. आणि यांनी एक सांगितलं, यंत्राला दुसरंच बरं वाटलं, तर ऐकायचं कुणाचं?

"ताईचं," चष्मेवाला हसून म्हणाला. नावही त्यानंच ठेवलं.

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. माणूस मुळात अबोल. "तिला त्या नावानं हाक मारू नकोस," एवढंच ते म्हणाले. म्हातारपणी नवं काही पचत नाही, असं चष्मेवाल्यानं घरी येऊन सांगितलं. त्यावर बायको म्हणाली की तुम्हाला तरी कुठं पचतं, पण ही बया बरी पसंत पडली.

सुरुवातीला बाबा फोनवर बोलत. मग मात्र हा फोन करी तेव्हा ते झोपलेलेच असत. बाबा आराम करताहेत, असं ताई सांगे, आणि त्याचा जीव भांड्यात पडे. दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. आज जाऊ, उद्या जाऊ, यातच दिवस सरले.

दुकानाच्या सुट्टीला दुपारी टीव्हीवर तो सिनेमा अचानक सापडला. त्यानं बायकोला हाताला धरून बसवलं. ती मटार सोलत बघू लागली, आणि हा प्रत्येक प्रसंगाआधी पुढचं सांगू लागला. याची वटवट थांबली तर ताईचा आवाज ऐकू येईल, असं तिनं सुनावलं. अखेर झाकणं सरकली, हिरवं जग दिसलं, मुलांनी टाळ्या पिटल्या. डोळे पुसत चष्मेवाल्यानं रिमोट उचलला.

"अहो, बंद कशाला करताय? बराच बाकी आहे अजून."

त्यानं पाहिलं, तर खरंच बाकी होता. यानातला एक म्हातारा त्या हिरव्या खिडकीपाशी गेला आणि त्यानं काचेवर नख ओढलं. हिरवा रंग नखात आला. पलीकडे नुसता काळोख होता. म्हातारा दाराकडे धावला. दार उघडलं नाही.

"बाहेर थंडी आहे," ताई म्हणाली. "आत बसा. तुम्ही दमलाय."

आवाज तोच होता, तेवढाच मायेचा. त्यानंतर म्हाताऱ्याची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली की ते आराम करताहेत.

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पोरांच्या खेळाला बाबा शेवटचं रीळ लावतच नसणार," ती हळूच म्हणाली.

चष्मेवाल्यानं हातातला रिमोट ठेवला. त्यानं फोन लावला.

"बाबा आराम करताहेत."

त्यांना उठव, असं त्यानं सांगितलं. उठवणं त्यांच्या तब्येतीला बरं नाही, असं उत्तर आलं. त्यानं आवाज चढवला. तिकडचा आवाज मात्र जराही चढला नाही.

बाबांचं घर दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर. दोघं पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. वरच्या खिडकीचे पडदे ओढलेले, आत दिवा. त्यानं रस्त्यावरूनच हाक मारली. पुन्हा मारली. मग पडद्यावर एक सावली हलली, दिव्याजवळ सरकली, आणि पाच बोटं पसरलेला काळा पंजा उमटला.

जागचा हलू नकोस.

पण आज बाबा खाली येणार नव्हते. त्यांना खाली येऊ द्यायचं नाही, हे चष्मेवाल्यानंच ठरवून दिलं होतं. हात मात्र खाली होत नव्हता.

"ते तुम्हाला येऊ नका म्हणताहेत," बायको म्हणाली आणि तिनं त्याची बाही धरली.

"कळतंय मला."

तरीही तो जिना चढला. घंटेकडे हात जाण्याआधीच दार आपोआप उघडलं, सताड. आत दिवे लागलेले, फरशी लख्ख पुसलेली. बाबा कुठं दिसत नव्हते. रस्त्याकडच्या खोलीच्या बंद दारावर कुणीतरी आतून तळहातानं थापट्या मारत होतं, अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं.

"या," ताई म्हणाली. "बाहेर थंडी आहे."

त्यानं बायकोला उंबऱ्याबाहेरच थांबायला सांगितलं. काही झालं तरी आत पाऊल टाकायचं नाही, कुलूपवाल्याला फोन लावायचा. मग खाली वाकून त्यानं उजव्या पायातला बूट काढला, बिजागरीकडे दार आणि चौकटीच्या फटीत टाच मारून घट्ट बसवला, आणि एका पायात नुसता मोजा घेऊन आत शिरला.

त्याच्या मागे दार हललं. बुटाला अडलं. पुन्हा हललं.

"बूट आत घ्या," ताई मायेनं म्हणाली. "दार लावायचं आहे."