बंद, बरफ चालू

आमच्या मच्छीमार सोसायटीनं १९९६ साली सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडली. ही निवड पूर्णपणे तांत्रिक निकषांवर झाली, असं इतिवृत्तात नोंदलेलं आहे. इतिवृत्त मीच लिहिलं, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नाही.

सोसायटी कळव्याची. खाडीतली मासळी कमी होत गेली तशी सोसायटीची इतर कामं वाढत गेली. जेट्टीवर बर्फाचा कारखाना, त्याला लागून डिझेलचा पंप आणि गल्लीच्या तोंडाशी ऑफिस. तिन्हीकडे एकेक कॉम्प्युटर होता आणि तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. आमची अकाउंटंट शुभदा रोज दुपारी जेट्टीवर जाऊन दोन फ्लॉप्या डब्याच्या पिशवीतून ऑफिसात आणायची आणि हिशेब जुळवत बसायची. एकदा पिशवीत सुकट होती. फ्लॉपी व्यवस्थित चालली, पण त्या वर्षीच्या ऑडिटरनं ती दोन बोटांत धरून खिडकीत नेऊन ठेवली.

तेव्हा मधे एक सर्व्हर घ्यावा आणि तिन्ही जागा वायरीनं जोडाव्यात असं ठरलं. त्यासाठी आधी ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची असते, असं शुभदा म्हणाली. लगेच समिती नेमण्यात आली. चेअरमन दामाजी, व्हाइस चेअरमन ह्युबर्ट, शुभदा आणि मी. मी सरकारी नोकरीतून रिटायर झालेलो, त्यामुळे न समजणाऱ्या विषयावर टिपण लिहायची मला सवय होती.

"ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातला कर्ता माणूस," शुभदानं समजावलं. "कोणी काय करायचं, कोणी आधी, कोणी थांबायचं, सगळं तो ठरवतो. त्याच्याशिवाय पान हलत नाही."

"म्हणजे आपला चेअरमन," ह्युबर्ट म्हणाला.

सगळ्यांनी चहाचे कप उचलले. कारण दामाजी यातलं काहीच करत नव्हते.

दामाजींचं वय झालं होतं. होडी विकलेली, गुडघे गेलेले. सह्या मॅनेजर करायचा, भाषण ह्युबर्ट करायचा. दामाजींकडे एकच काम उरलं होतं, पण ते त्यांच्याशिवाय कोणी करत नसे. सदुसष्ट साली जुनं ऑफिस शॉर्टसर्किटनं जळालं. माळ्यावर अख्ख्या गावाची जाळी होती, तीही गेली. तेव्हा सर्वसाधारण सभेनं ठराव केला की रोज संध्याकाळी ऑफिसचा मेन स्विच चेअरमननं स्वतःच्या हातानं खाली ओढायचा, दारात येऊन "बंद!" अशी हाळी द्यायची आणि मग कुलूप लावायचं. जाळी नायलॉनची झाली, ऑफिस सिमेंटचं झालं, ठराव तसाच राहिला. दामाजी दुपारभर झोपायचे, उन्हं कलली की टोपी घालून निघायचे. हाळी ऐकली की गल्लीतली पोरं खेळ मोडायची, दारात जाळं शिवत बसलेल्या बाया सुया खोचून उठायच्या. घड्याळं घरोघरी होती. पण ती घड्याळं.

पहिला विक्रेता ठाण्याहून टाय लावून आला. तो युनिक्स नावाची सिस्टिम विकणारा. त्यानं अर्धा तास इंग्रजीत सांगितलं आणि विचारलं, "काही शंका?"

दामाजींनी एकच शंका विचारली. "सांच्याला बंद केला तर चालंल?"

"साहेब, सर्व्हर कधीच बंद करत नाहीत."

"कधीच?"

"वर्षानुवर्षं."

"जळंल ना रं!"

टायवाला हसला. एकटाच.

दुसरा लिनो. त्याचं डोंबिवलीला दुकान होतं आणि तो ह्युबर्टच्या बहिणीचा मुलगा होता. ही गोष्ट ह्युबर्टनं समितीपासून लपवली नाही. उलट दर वाक्याला सांगितली. लिनो विंडोज एनटी विकायचा. त्यानं चित्रं दाखवली, माउस फिरवून दाखवला.

"सांच्याला बंद केला तर?" दामाजी.

"एकदम सोपं, अंकल. इकडं खाली 'स्टार्ट' दाबायचं."

"बंद करायला?"

"हां. मग शटडाउन. लहान पोर पण करेल. कोणी पण करेल!"

'कोणी पण' हे शब्द उच्चारल्यावर दामाजींचा चेहरा कसा झाला, ते इतिवृत्तात घेतलेलं नाही.

तिसरा एक नेटवेअरवाला यायचा होता. तो कळव्याऐवजी कल्याणला उतरला आणि आपोआप बाद झाला.

ह्युबर्टच्या आग्रहावरून लिनोची मशीन आठवडाभर चाचणीसाठी ठेवली. सोबत एक यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी मशीन थोडा वेळ चालवणारी बॅटरी. पहिल्या संध्याकाळी दामाजींनी शिरस्त्याप्रमाणे मेन खाली ओढला. दिवे गेले आणि टेबलाखालून यूपीएस पीं-पीं करून रडायला लागला. दामाजींनी वाकून पाहिलं.

"याला काय झाला?"

"लाइट गेली म्हणून ओरडतोय, काका," शुभदा म्हणाली.

"मी घालवली. त्याला सांग."

यूपीएसला सांगायची सोय नव्हती. बॅटरी संपल्यावर तो गप्प झाला, पण सकाळी शुभदा धास्तावलेली. "रोज असा अर्ध्या कामात गळा दाबला तर एक दिवस सगळा हिशेब जाईल. कुठलीही सिस्टिम घ्या, हे नाही चालणार. मी मग फ्लॉप्याच वाहते."

ह्युबर्टनं तोडगा काढला. दामाजींना न सांगता लिनोकडून सर्व्हरला वेगळी लाइन ओढून घेतली, थेट मीटरपासून. मेन ओढला तरी सर्व्हर चालू. "म्हाताऱ्याला काय कळतंय, मेन?" तो मला म्हणाला. ह्युबर्ट सगळ्यांनाच 'मेन' म्हणायचा, म्हणजे 'मॅन', त्याचा स्विचशी संबंध नव्हता. ह्युबर्ट दामाजींपेक्षा दोन वर्षांनी मोठा.

त्या संध्याकाळी दामाजींनी मेन ओढला. ऑफिसात अंधार झाला. त्या अंधारात कोपऱ्यात एक हिरवा ठिपका तसाच चमकत राहिला. दामाजींनी मेन वर केला, पुन्हा खाली ओढला. ठिपका हलला नाही. मग ते बाहेर आले आणि पायरीवर बसले. ओरडले नाहीत.

गल्लीत पोरं खेळत राहिली. बाया सुया चालवत राहिल्या. चेंडू दिसेनासा झाला तरी डाव चालू, कारण कोणी मोडायला सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं दामाजींची बायको मंजुळा कंदील घेऊन आली.

"जिता हाव ना तुमी?"

"हाव."

"मग वरडत का नाय? चुलीवर आदान ठेवून बसलेय मी."

"बंद झाला नाय," दामाजी म्हणाले. "झाला नाय तं झाला म्हणून कसा वरडू?"

मंजुळाबाईंनी आत डोकावून हिरवा ठिपका पाहिला, मग पायरीशी उभ्या असलेल्या ह्युबर्टकडे पाहिलं. ह्युबर्ट बुटाची नाडी बांधू लागला. त्यानं चपला घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दामाजींनी समितीला सांगितलं, "नवीन चेअरमन बघा. मना आता काम नाय." आवाजात राग नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्याला वेळ सांगावी तसं सांगितलं. टोपी टेबलावर ठेवली होती.

ह्युबर्ट म्हणाला, "अरे दामा, दिव्याच्या एका ठिपक्यापायी?"

"तुला ठिपका वाटतो. मी तीस वरसं गावाला सांगतोय, झोपा, बंद हाय."

सर्व्हर हवा होता तो शुभदाला. हा माणूस गेला तर तिचं काम उलट सोपं झालं असतं. तिनं टोपीकडे पाहिलं आणि टायवाल्याला फोन लावला. "हे बघा, तुमचा सर्व्हर कधीच बंद करत नाहीत ते कळलं. पण करायचाच झाला, तर कसा करतात?"

टायवाला दुपारी हजर झाला. या खेपेला टाय नव्हता. कळव्याला ऊन फार.

"बंद करता येतो," त्यानं कबूल केलं. "पण कोणालाही नाही. सिस्टिमचा एक मुख्य असतो, त्याला रूट म्हणतात. त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी कितीही बटणं दाबली तरी युनिक्स ऐकत नाही."

दामाजी छताकडे बघत होते. पण टोपीकडे हात गेला होता.

"आणि तो रूटसुद्धा एकदम बंद करत नाही. आधी सगळ्या टर्मिनलवर निरोप जातो, की आता बंद होतंय, हातातलं काम आवरा. मग थोडा वेळ थांबतो आणि मगच..."

"थांब," दामाजी म्हणाले. "म्हणजे हा आधी वरडतो?"

"ओरडतो म्हणजे... हो. सगळीकडे."

"जेट्टीवर पन?"

"जिथं जिथं वायर गेलीय तिथं."

"काय वरडतो?"

"तुम्ही लिहाल ते."

दामाजींनी टोपी डोक्यावर घातली. "समितीचा एकमत हाय," ते म्हणाले.

लिनोनं नंतर धावत येऊन सांगितलं की एनटीमध्येही असा एक मोठा युजर असतो, सगळं करता येतं. ते खरंही होतं. पण 'कोणी पण' म्हणून झालं होतं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सुरक्षितता, अधिकारांची स्पष्ट विभागणी आणि वापरकर्त्यांना पूर्वसूचना देण्याची क्षमता या निकषांवर युनिक्स सरस ठरली.' ऑफिस, पंप आणि कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर विंडोज लिनोकडूनच घेतली, म्हणजे ह्युबर्टच्या बहिणीकडे नाताळ नीट व्हावा. हेही एका निकषात बसवलं.

पहिल्या संध्याकाळी सगळा गाव खिडकीत. दामाजींनी शुभदानं शिकवलेली कमांड एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केली. पासवर्डही मोठ्यानं म्हणतच टाइप केला. निरोप म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'बंद'. सर्व्हर आपणहून निजला, मग त्याचं बटण, मग मेन. हिरवा ठिपका गेला. दामाजी दारात आले आणि अशी हाळी दिली की खाडीपलीकडच्या ठाण्यात ऐकू आली असती तर तिथलेही जेवायला गेले असते.

सकाळी कारखान्यात पाणी होतं. रात्रपाळीचा पंढरी याच गल्लीत जन्मलेला. समोर पडद्यावर 'बंद' आलं, लहानपणापासूनच्या सवयीनं तो उठला, कॉम्प्रेसर थांबवला आणि घरी जाऊन जेवून झोपला.

"अरे, ते ऑफिस बंद! बर्फ नाही!" शुभदा ओरडली.

"तसा लिवला नवता," पंढरी म्हणाला. ते बरोबर होतं.

समितीची तातडीची बैठक झाली. निरोपाचा मसुदा सुधारून 'बंद, बरफ चालू' असा करण्यात आला. दामाजींना पडद्यावर एक आणि दारात दुसरं बोलणं मंजूर नव्हतं, त्यामुळे हाळीही बदलली. "बंद! बरफ चालू!" पोरं दोनचार दिवस हसली, मग तिच्यावरही खेळ मोडू लागली.

पुढच्या वैशाखात दामाजी ठाकुर्लीला भाच्याच्या लग्नाला गेले. उन्हं कलली. ऑफिसात ह्युबर्ट, शुभदा आणि मी. पासवर्ड आम्हा तिघांना पाठ होता, खिडकीबाहेरच्या पोरांनाही, आणि पलीकडच्या घरातला पोपट त्याची पहिली चार अक्षरं म्हणायचा. ह्युबर्ट सर्व्हरसमोर बसला, बोटं मोडली, कीबोर्डवरची धूळ फुंकली.

"कर ना," मी म्हणालो.

"मेन, हा पासवर्ड कोणाला माहीत नसतो," ह्युबर्ट म्हणाला आणि उठून दामाजींना आणायला रिक्षा बघायला गेला.

दामाजी आले ते फेट्यासकट. कपाळाला अक्षता चिकटलेल्या, खिशातून लाडू डोकावत होता. रिक्षा चालूच ठेवलेली, कारण तिकडं पंगत बसायची होती. त्यांनी एकेक अक्षर म्हणत बंद केलं, मेन ओढला, अंधारात कोपरा न्याहाळला. मग दारात जाऊन ओरडले.

गल्लीत पोरांनी डाव मोडला. मंजुळाबाई लग्नातच होत्या, त्यामुळे आधण कोणी ठेवलं नव्हतं. तरी दामाजींनी सवयीनं घराकडे एकदा पाहिलं, लाडू शुभदाच्या हातावर ठेवला आणि ठाकुर्लीला जेवायला गेले.