कळशीला यकृत नसते

आजारी माणसाला खोटी आशा दाखवणे हे पापच. परंतु ती दाखवताना त्याच्या हातचे औषध काढून घेणे हे त्याहून घोर पाप होय. कारण तेथे श्रद्धेचेच शस्त्र होते आणि घाव श्रद्धाळूवर पडतो. गेल्या आश्विनात म्हैसुरात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले.

आमच्या वस्तीतल्या कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, पहाटेपासून रांग लागे. बेट्टदपूरच्या डोंगरावर बारा वर्षे तप केल्याचे सांगणारा संकर्षणस्वामी रुग्णाच्या उजव्या बरगडीखाली एक गार पोटली बांधी. घटकाभरात तिच्यातून पिवळे, स्निग्ध थेंब वाटीत ठिबकू लागत. ही यकृतात साठलेली चरबी, ती निघाली की मधुमेहाचे मूळच उपटले, असे तो वाटी उंचावून सांगे. बायका वाटीला नमस्कार करीत. पोटलीचा गारवा हा स्वामींच्या तपाचा, असेही लोकांनी ठरवून टाकले होते.

त्या रांगेत आमचे शेजारी रणोजीराव होते. म्हैसूर संस्थानाच्या जुन्या मराठा शिलेदारांचे वंशज, बस आगारातून निवृत्त झालेले. मधुमेह बारा वर्षांचा, यकृतावरही चरबी. त्यांच्या घरी आयुधपूजेला पणजोबांची तलवार मांडतात, आणि मांडलेले आयुध उत्तरपूजेपर्यंत कोणी हाती धरीत नाही. स्वामीने ही रीत नेमकी हेरली. गोळ्या आणि साखर मोजण्याचे यंत्र हीही आयुधेच, ती तलवारीपाशी ठेवावीत आणि एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, उचलू नयेत, असे त्याने बजावले. रणोजीरावांनी ती हळदकुंकू वाहून मांडली.

विसाव्या दिवशी त्यांच्या पत्नी वनजाबाईंना पतीच्या पायाच्या करंगळीवर काळा फोड दिसला.

"दुखत नाही म्हणजे बरं होतंय, अल्लवा? होय ना?" रणोजीराव आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले.

"दुखत नाही, त्याचीच भीती वाटते मला."

"सुम्मने, उगाच काही बोलू नको. मंडल मोडायचं नाही."

वरच्या मजल्यावर साताऱ्याहून आलेल्या डॉक्टर देवश्री राहत. त्यांनी पाय पाहून, साखरेने पायाची जाणीवच गेली आहे म्हणून दुखत नाही, आजच इस्पितळात चला म्हटले. रणोजीराव मंडपाकडेच निघाले. मग दोघी बायका कोमट पाण्याने भरलेली पितळी कळशी घेऊन त्यांच्या मागोमाग गेल्या. रणोजीरावांच्या पाळीची पोटली वनजाबाईंनी सेवकाच्या हातून घेतली आणि सर्वांदेखत कळशीला बांधली. थोड्याच वेळात तेच पिवळे थेंब ठिबकले.

"स्वामी, या कळशीला मधुमेह कधीपासून?" देवश्रींनी विचारले.

लोक हसले. कळशीही मालकाचे पाप वाहते, असे स्वामी शांतपणे म्हणाला. तेव्हा सेवक जिच्यातून पोटल्या काढी त्या बर्फाच्या पेटीतली दुसरी पोटली देवश्रींनी फाडली. आत हळद, कापूर आणि गोठवलेले खोबरेल होते. अंगाची ऊब लागली की ते वितळे, एवढीच सिद्धी.

देवश्रींनी मग सांगितले, की स्वामीच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. चरबी साठलेले यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि रक्तात साखर सोडत राहते. मधुमेहही उलट यकृतातली चरबी वाढवतो. परंतु ती चरबी कातड्यातून ठिबकत नाही. मिताहार, रोजचे चालणे, वजन उतरवणे आणि वैद्याचा सल्ला यांनी ती महिनोन् महिने हळूहळू कमी होते.

रणोजीराव उठले. घरी जाऊन त्यांनी गोळ्या स्वतःच्या हाताने पूजेतून उचलल्या. परंतु बोट वाचले नाही.

"श्रद्धा माझी खरी होती हो," इस्पितळात ते म्हणाले.

वनजाबाई म्हणाल्या, "होती. म्हणूनच त्यानं तुम्हांला निवडलं."

संकर्षण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी गेला. तेथेही रांग लागल्याचे ऐकतो. आमच्यातले काही जण अजून कळशीतच दोष काढतात.

देवावर श्रद्धा असावी. पण औषध सोडा म्हणणाऱ्याला आधी पुरावा मागावा. प्रश्न विचारल्याने देव कोपत नाही, ढोंगी तेवढा कोपतो.

रणोजीरावांची पावले सुखरूप चालोत. वनजाबाईंना शांत झोप लाभो. आणि त्या दुसऱ्या गावच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणा अनोळखी जिवाला वेळीच शंका येवो.