दोन पायल्या

"जयाबाई, सही करा आणि मोकळ्या व्हा," परचुरे साहेब म्हणाले. पुण्याहून जीप हाणत ते थेट रिहे गावात, तिच्या वडिलांच्या, कोंडिबाच्या खळ्यावर आले होते. जया भाताच्या झोडणीसाठी रजेवर होती; पदराला कुसळं तशीच चिकटलेली.

पुण्यात साहेबांच्या प्रयोगशाळेत ती रशियन आणि अमेरिकन शोधनिबंध ताडून बघायची. त्यासाठी हट्टाने रशियन शिकली होती. काही धातू अतिथंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते, ही अतिसंवाहकता. त्यांच्यावर प्रचंड दाब दिला तर काय होतं, यात दोन्ही देशांची चढाओढ चाललेली आणि आकडे मात्र जुळत नव्हते. साहेबांनी तिच्या अहवालात स्वतःचं एक वाक्य घुसडलं होतं: रशियनांची मोजणी विश्वासार्ह नाही.

"हे माझं वाक्य नाही, सर. दोघांची दाब मोजायची मापं वेगळी आहेत. आधी मापाला माप लावू, मग कोण चुकलं ते बोलू."

"मला का ते कळत नाही? पण अमेरिकेहून यंत्र यायचंय. वरच्यांना हेच वाक्य हवंय." साहेब दुष्ट नव्हते, हीच तर पंचाईत. "सही नसेल, तर सोमवारपासून येऊ नका."

कोंडिबा मधे पडला. "कर की गं. रशिया काय आपला सोयरा हाय व्हय?"

"न्हाई आबा. पर त्यानं न केलेली चोरी मी त्याच्या नावावर घालायची न्हाई." घरच्यांशी बोलताना तिची पुणेरी भाषा कुठल्या कुठे पळायची.

तिने अहवाल परत केला. जीप गेली. तिला रडू फुटलं आणि त्या रडण्याचाच तिला भयंकर राग आला.

तेवढ्यात चुलता हैबतराव भाताच्या वाटणीसाठी स्वतःची पायली घेऊन आला. कुणाची पायली मोठी, यावरून दोघा भावांचं दरवर्षी वाजायचं. कोंडिबा आपली पायली घेऊन उठला, लेकीकडे बघत थांबला.

"आदी मापाला माप लावू, हैबती," तो म्हणाला आणि दोन्ही पायल्या त्याने जयापुढे ठेवल्या. "तू मोज."

हैबतराव उसळला. "राशीवर बाईमाणसानं माप धरायचं? कुटं घडलंय असं?"

"हितं घडतंय. बघत ऱ्हा."

जयाने डोळे पुसले. एका पायलीतलं भात दुसरीत ओतून बघितलं. एक मूठभर उरलं. तिने लहान पायली बाजूला सारली. ती कोंडिबाची होती. मग मोठी काठोकाठ भरली.

राशीच्या पहिल्या मापाला, शकुन म्हणून, कुणी ‘एक’ म्हणत नाही.

"लाभ!" साऱ्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात जया म्हणाली.