विंगेतून सांगितलेला शब्द

रविवारी सकाळी दहालाच आमच्या पेठेतलं बंद पडलेलं थिएटर हाउसफुल व्हायचं. नाटकाला एवढी गर्दी झाली असती, तर ते बंद कशाला पडलं असतं? पण आता तिथे चमत्कार होता. पाच वर्षांपूर्वी वारलेला नट शंभू दामले रिकाम्या रंगमंचावरून बोलायचा.

"आत्मा रंगभूमी सोडत नाही, भक्तहो. फक्त कनेक्शन लागतं," श्रीधर महाराज डोळे मिटून सांगायचे. ते कनेक्शन अर्थातच त्यांच्याकडेच होतं.

मग आवाज यायचा, "दार लोटू नकोस, मी अजून..." आणि अडखळायचा. विंगेत बसलेल्या मंदाकिनीवहिनी हळूच सांगायच्या, "निघालेलो नाही." शंभूच्या त्या बायको, आणि तीस वर्षं त्याच्या प्रॉम्प्टर. आवाज वाक्य पुरं करायचा, लोक डोळे पुसायचे.

थिएटर वहिनींच्या नावावर होतं. ते दुरुस्त करून पुन्हा नाटकं लावावीत म्हणून आम्ही काहीजण धडपडत होतो. वहिनी मात्र ते महाराजांच्या मठाला देऊन टाकायला निघाल्या होत्या.

मी इम्तियाज, इथला जुना साउंडवाला. शंभू माझा मित्र. तो विसरायचा खरा, पण दर प्रयोगाला नव्या ठिकाणी. हा आवाज दर रविवारी एकाच शब्दावर अडखळत होता. मग आठवलं. त्याच्या शेवटच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग मीच केलं होतं, आणि महाराजांच्या शिष्याने ऐकायला मागितलं तेव्हा मीच दिलं होतं.

"वहिनी, आज शब्द सांगू नका," पुढच्या रविवारी विंगेत जाऊन मी म्हणालो.

"अहो, त्यांना सापडायचा नाही तो."

"ते खरंच असतील, तर थांबतील."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. रंगमंचावरून "मी अजून..." म्हणत आवाज अडखळला. शब्द ओठांवर आला, पण वहिनींनी तो सांगितला नाही.

"...निघालेलो नाही," आवाज म्हणाला आणि पुढे गेला.

"बघा, आत्म्याचं पाठांतर झालं," महाराज घाईघाईने म्हणाले. मी रंगमंचाची सैल फळी उचलली. खाली स्पीकर होता. त्या शेवटच्या प्रयोगाला माझा माइक पुढे टांगलेला होता; वहिनींची कुजबुज त्यात आलीच नव्हती, तिच्यापुरती शांतता तेवढी राहिली होती.

"मला वाटलं होतं, माझ्यासाठी थांबतील," वहिनी म्हणाल्या. मरणाने एकदा नेलेल्या शंभूला मी त्यांच्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेतलं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

वहिनींनी थिएटर मठाला दिलं नाही; गेल्या महिन्यात ते नाटकांसाठी पुन्हा उघडलं. केयूर नावाचा तरुण नट रोज नव्या ठिकाणी विसरतो, आणि विंगेतून वहिनींचा शब्द येईपर्यंत थांबतो.

गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा, त्यात लाज कसली? पण कुणी त्याचा आवाज ऐकवायला आला, तर एकदा गप्प राहून बघा, तो तुमच्यासाठी थांबतो का.