विहिरीतली मरळ

हाटकेशला भातखाचरं होती तेव्हापासूनचा रुक्मिणीच्या सासरचा शिरस्ता: विहिरीत जिवंत मरळ सोडायची. मासा फिरतोय तोवर पाणी प्यायचं. खाचरांवर गाळे उठले, गाळ्यांत पत्र्याला मुलामा द्यायचे कारखाने आले, पण मासा फिरत होता. नळ गेला की चाळीतल्या बायका हंडे घेऊन यायच्या आणि काठावरून विचारायच्या, "मासा आहे ना, आजी?" रुक्मिणीची मान ताठ. "माझ्या विहिरीला काय धाड भरलीय?"

पणतीच्या अंगावर फोड उठले तेव्हा तिने नातसुनेलाच फैलावर घेतलं. "बाजारातलं तेल चोळतेस, दुसरं काय होणार!"

"आजी, डॉक्टर बोलले पाणी बदला," भाविका रडकुंडीला आली. "मी नळाचं तापवते ना."

"आमच्या घरची पोर आमच्याच विहिरीवर न्हाणार. एवढासा मासा जगतोय त्यात, ही काय विरघळतेय?"

फोड फुटले, ताप चढला, पोर डोळे उघडेना. नातू सुयोग आणि भाविका तिला घेऊन इस्पितळात धावले. घरात रुक्मिणीला बसवेना. ती विहिरीवर आली, तर मुलगा बाळाराम काठावर वाकलेला. हातात पिशवी, पिशवीत जिवंत मरळ. पायाशी दुसरी, फुगलेली, कल्ले काळे पडलेली.

"काय रे हे?"

बाळारामने हातातली आत सोडली आणि मगच बोलला. "मरतात गो, आय. पावसाळ्यापास्नं मरतात. मी नवी आणून टाकतो."

"न् मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुझ्यापुढं कोणाला तोंड हाय? विहीर नासली बोललो असतो, तर घराबाहेर काढलं असतंस."

काढलंच असतं. रुक्मिणीला ते ठाऊक होतं.

तेवढ्यात चाळीतली पंचशीला आली, काखेत हंडा, हाताला धरलेली लेक रश्मी. "मासा आहे ना, आजी?"

"हो बोल," बाळाराम पुटपुटला.

खाली नवी मरळ मजेत गिरकी घेत होती.

"न्हाय," रुक्मिणी म्हणाली. "मेला. भरू नको."

पंचशीला हसली. "मस्करी करता काय? तो काय फिरतोय!"

"तो आत्ताच टाकलाय. आधीचे सगळे मेले. तुला सांगते ना, भरू नको!"

पंचशीलाने हंडा खाली ठेवला. मग हळूच रश्मीची बाही वर केली. दंडभर तेच फोड.

"मला वाटलं घामोळं," ती म्हणाली. "मासा होता ना, आजी."