‘सगळ्या मशीन’मध्ये मी नाही

मी धातू कातणारी लेथ मशीन बोलतेय, आणि सरळ सांगते, संतापून बोलतेय.

ओतीव लोखंडातून माझा जन्म झाला. या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये आले तेव्हा माझा बेड, म्हणजे ज्यावर हत्यार सरकतं तो पाया, आरशासारखा होता. आता मधोमध झिजलाय. कातायला लांब दांडा, शाफ्ट, लावला की माप मधल्या भागात हटकून बिघडतं. माझ्यावर काम करणाऱ्या ताईंना ते माहीत आहे. त्या कुठे हात हलका करायचा ते ओळखून काम असं उतरवतात, की गिऱ्हाइकाला माझी झीज कळतसुद्धा नाही.

वर्कशॉप बंद होणार असं ठरलं. ताईंचं घर त्यांच्याच कमाईवर चालतं. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांची लेक मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसली. नोकरीसाठी बायोडेटा लिहायचा होता.

“आई, मशीनचं काय लिहू?”

ताई तोंड उघडतात तोवर मालक टेबलावरून ओरडले, “लिही, सगळ्या मशीन चालवता येतात! येत नाही म्हटलं की दारातूनच कटवतात.”

“लिही बाई तसंच,” ताई पुटपुटल्या.

सगळ्या? अहो, इतकी वर्षं माझ्यापाशी उभ्या राहिलात, आणि माझं नावसुद्धा नाही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

व्हायचं तेच झालं. मोठ्या कारखान्यात बोलावणं आलं. ‘सगळ्या येतात ना?’ म्हणत त्यांनी ताईंना कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर उभं केलं. ताईंना सुरू करायचं बटणही सापडेना. तिथे लोक हसले म्हणे. परत येऊन त्या माझ्याजवळच्या स्टुलावर मटकन बसल्या.

“लेथचं विचारलंच नाही?” लेकीने विचारलं.

“विचारतील कसं? आपण लिहिलंच कुठे?”

लेकीने मोबाइलवर बायोडेटा उघडला. मग ताई म्हणाल्या, “पुसून टाक ते. लिही, साधी लेथ चालवते. आतले-बाहेरचे आटे पाडते, पितळी बुश करते. झिजलेल्या बेडवरही माप बरोबर काढते. कॉम्प्युटरची मशीन येत नाही, शिकायची तयारी आहे.”

मालक हसले. “‘येत नाही’ असं कोणी लिहितं का? खुळ्या आहात ताई!”

“असू दे. तुमच्या ‘सगळ्या’त माझं एकही काम नव्हतं, मालक.”

एका छोट्या दुरुस्ती-वर्कशॉपमधून फोन आला, ताई भेटायला गेल्या. तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, “झिजलेल्या बेडवर माप कसं काढता?” ताई म्हणे बोलतच सुटल्या, इतक्या की त्या बाईंनी मध्येच चहा मागवला. सोमवारपासून ताई तिथे रुजू होतील.

माझ्यावर ताडपत्री पडली आहे. पुढे कुठे नेतील, कोणास ठाऊक. राग मात्र अजून धुमसतोय, कारण उद्या आणखी कोणीतरी कोणाला तरी सांगेल, ‘सगळं येतं, लिहून टाक.’ बाबांनो, तुमचे हात आमच्या ग्रीसने काळे झालेत. त्या हातांनी काय केलं, ते तरी लिहा.